बाहेरच्या हवेची झडप

अण्णा,

पंधरा दिवसांपूर्वी मिलच्या गेटवर तुमच्यासाठी दोन मिनिटं शांतता पाळली. पहिली पाळी सुटत होती, दुसरी आत शिरत होती, त्या मधल्या गर्दीत. युनियनचा माणूस स्टुलावर उभा राहून म्हणाला, "तीस वर्षं ज्यांनी आपल्याला हवा दिली ते सिद्रामअण्णा गेले." तुमची नोकरी कशी गेली त्यावर त्याला बोलायचं असावं, पण मॅनेजरसाहेब वरच्या खिडकीत उभे होते. तेवढ्यात भोंगा झाला आणि लोक पांगले.

मी त्या गर्दीतच होतो. माझ्याकडं कुणी रागानं बघितलं नाही, कुणी तोंड फिरवलं नाही. साचेखात्याच्या एका जॉबरनं, म्हणजे मुकादमानं, तर माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "तुमचे गुरूच होते की ते." मी मान हलवली.

त्या मान हलवण्यामुळं हे लिहायला बसलोय. तुम्हाला मराठी आणि कानडी वाचता यायचं, इंग्रजी येत नव्हतं. आयुष्यात एकदा मी तुमच्या कामाबद्दल अकरा पानं लिहिली ती इंग्रजीत. आता निदान तुम्हाला कळेल अशा भाषेत लिहितो.

मी कुर्डुवाडीचा, रेल्वेच्या वर्कशॉपमधल्या फिटरचा मुलगा. डिप्लोमा करून सोलापूरला मिलमध्ये लागलो तेव्हा दुष्काळ नुकताच सरला होता. मला वाटलं होतं, बॉयलर मिळेल, नाहीतर मोठी इंजिनं. मिळालं तुमचं खातं. कागदावर त्याला लांबलचक इंग्रजी नाव होतं, कामगार नुसतं 'हवाखातं' म्हणायचे. कातायचे साचे फिरताना दिसतात, सूत निघताना दिसतं, हवा कुणाला दिसते? इंजिनीअर लोक या खात्यात पडलेल्या माणसाकडं जरा दयेनंच बघायचे.

पहिल्या दिवशी तुम्ही मला फवाऱ्यांच्या खोलीत नेलंत. ऐन वैशाख होता. एका भिंतीतून बाहेरची भाजकी हवा आत ओढली जात होती, शेकडो तोट्यांतून पाण्याचे तुषार उडत होते, आणि पलीकडच्या पंख्याकडं जाईपर्यंत तीच हवा गार, ओली होत होती. मी खिशातून वही काढली. तुम्ही ती माझ्या हातातून घेऊन परत माझ्या खिशात घातलीत.

"आकडा मागनं बघा सायेब. आदी हितं उभं राव्हा. अंगाला काय कळतंय ते बघा."

मी उभा राहिलो. शर्ट भिजला. तुम्ही हसला नाहीत. मग दोन लोखंडी झडपा दाखवल्यात. एक बाहेरच्या हवेची, दुसरी खात्यातून फिरून परत येणाऱ्या हवेची. एक जेवढी उघडायची तेवढी दुसरी मिटायची. "सगळी इद्या या दोन झडपांत हाय," तुम्ही म्हणालात. "बाकी निस्ता आवाज."

तीन वर्षं मी ती विद्या शिकलो. सूत कातायला हवेत ओल लागते. ती कमी पडली की धागा तुटतो, जास्त झाली की कापूस रुळांना गुंडाळला जातो. हे पुस्तकातही होतं. पण सोलापूरच्या हवेत हे कमीत कमी पाण्यात आणि कमीत कमी विजेत कसं साधायचं, ते पुस्तकात नव्हतं. पावसाळ्यात हवा आपसूक ओली असायची, तेव्हा तुम्ही फवाऱ्यांचे पंप बंद ठेवायचात. तुमच्या आधीचा फोरमन बारा महिने चालवायचा. थंडीत सुटीनंतरच्या सकाळी साचेखातं गारठलेलं असायचं, धागा धरवायचा नाही, आणि पूर्वी खातं तापवायला बॉयलरची वाफ सोडायचे. तुम्ही बाहेरची झडप मिटून साच्यांचीच ऊब फिरवलीत.

"येवढी यंत्रं हायत, त्यांच्या अंगाला ऊब हाय की," तुम्ही मला सांगितलंत. "ती भाईर सोडून द्यायची आणि वर कोळसा जाळायचा, ह्यो कुटला न्याय?"

आणि उन्हाळ्यात तुम्ही बाहेरची झडप सताड उघडायचात. बाहेर बेचाळीस डिग्री असताना बाहेरची हवा का घ्यायची, हे मला आधी कळेना. तुम्ही समजावलंत की बाहेरची हवा कोरडी असते, म्हणून फवाऱ्यातून जाताना ती खूप गार होते. आतली हवा आधीच ओली आणि साच्यांनी तापलेली. तिला कितीही पाणी मारा, ती गार व्हायची नाही. वर तिच्यात कापसाची धूळ आणि माणसांचा श्वास. धाग्याला ती चालते. माणसाला चालत नाही.

म्हणून तुमची सकाळची फेरी रिळिंग खात्यापासून, जिथं सुताच्या लडी करतात तिथून, सुरू व्हायची. ते हवेच्या बोगद्याच्या अगदी शेवटी होतं, तिथं हवा सगळ्यांत कमी पोचायची. तिथं बायका काम करायच्या. नरसव्वा तिथली. तेलुगू घरातली, नवरा हातमागावर. तुम्ही दारातूनच विचारायचात, "नरसव्वा, हवा कशी हाय?" ती हात चालू ठेवून मान डोलवायची, नाहीतर नाक मुरडायची. नाक मुरडलं की तुम्ही परत येऊन झडप दोन बोटं उघडायचात. माझ्या थर्मामीटरपेक्षा तुमचा तिच्यावर जास्त भरवसा होता. मी चिडवायचो तुम्हाला.

रविवारी मी तुमच्याकडं जेवायला असायचो. खोलीवर स्टोव्ह होता, पण गौरव्वांनी एकदा माझी खिचडी बघितली आणि त्यानंतर विचारायचं कारणच ठेवलं नाही. तुमची मुलगी अक्कलकोटकडं दिलेली, घरात तुम्ही दोघंच. मिलमध्ये चारचौघांत तुम्ही मला 'सायेब' म्हणायचात. घरी 'वसंता'. गौरव्वा पहिल्यापासून 'वसंता'च म्हणायच्या आणि तुमच्याआधी माझं ताट वाढायच्या.

मग वीजकपात आली. मॅनेजरसाहेबांनी सगळ्या खात्यांकडून वीज आणि पाणी वाचवायच्या सूचना मागवल्या. मी महिनाभर तुमच्या मागं वही घेऊन फिरलो. या वेळी तुम्ही वही परत खिशात घातली नाहीत. कुठल्या ऋतूत, दिवसाच्या कुठल्या वेळी कुठली झडप किती, कुठला पंप बंद, कुठला पंखा अर्ध्यावर, हे तुम्ही सांगत गेलात आणि मी तक्ते करत गेलो. सगळं लिहून झाल्यावर तुम्ही म्हणालात, "आनि एक लिव. उन्हाळ्यात खात्यात माणसं हायत तवर भाईरची झडप निम्म्याच्या खाली आणायची न्हाय. मग वीज किती का जाईना."

मी ते कच्च्या मसुद्यात लिहिलं. शेवटचं कलम म्हणून.

मॅनेजरसाहेबांनी मसुदा वाचला, खूश झाले. शेवटच्या कलमावर थांबले. "हा निम्म्याचा आकडा कुठून आला?"

"फोरमनचा अनुभव आहे सर."

"अनुभव मोजलाय का कुणी?"

साहेब ओरडले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "शिंदे, बाकी प्रत्येक ओळीला तुम्ही आकडे दिलेत. ही ओळ सगळ्या नोटची किंमत घालवते." आणि लाल पेन्सिल माझ्यापुढं सरकवली. अण्णा, पेन्सिल त्यांची होती, हात माझा होता. मी ती ओळ खोडली. मोजून आणतो, आठ दिवस द्या, एवढंच म्हणायचं होतं. ते मला त्या खुर्चीत सुचलं नाही असं मी पुढं स्वतःला सांगत राहिलो. सुचलं होतं.

टाइप करून आलेली अकरा पानांची इंग्रजी नोट तुम्हाला बघायची होती. तुम्ही हात पुसून, चष्मा लावून पानं उलटलीत. अक्षर कळत नव्हतं, तक्ते कळत होते. तक्त्यांवरून बोट फिरवत तुम्ही म्हणालात, "बेस झालंय." नोटवर नाव एकट्या माझं होतं. ते तुम्हाला दिसलं असणार. त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीत. एवढंच विचारलंत, "आमचं ते निम्म्याचं घातलंस न्हवं?"

"घातलंय अण्णा."

इतक्या सहज बोललो. कुठलाही धाक नव्हता. तुम्ही खूश होतात आणि मला तुम्हाला तसंच बघायचं होतं, बस.

पावसाळा, हिवाळा छान गेला. पंप बंद, वाफ बंद, विजेचा वापर उतरला. मला असिस्टंट इंजिनीअर केलं. गौरव्वांनी त्या रविवारी शेंगांची पोळी केली. तुम्ही शेजाऱ्याला बोलावून सांगितलंत, "ह्यो आमचा वसंता. आता मोठा सायेब झाला."

चैत्र लागला आणि वरून हुकूम आला. बाहेरची झडप दोन दाती. झडपेच्या पट्टीवर दहा दाती, म्हणजे खाचा, असायच्या. आतलीच हवा फिरवायची, म्हणजे बाहेर हवा टाकणारा पंखा बंद ठेवता येतो आणि पाणीही कमी उडतं. हुकमाखाली माझ्या नोटचा हवाला होता.

तुम्ही कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आलात. "सायेब, कागदात काय लिवलंय नेमकं?"

"वरून बदललं असेल अण्णा."

"व्हय?"

मी फाईल उघडली. त्या दिवसापासून तुम्ही मला घरीसुद्धा 'सायेब' म्हणायला लागलात. गौरव्वांनी एकदा हसून विचारलं, "आता घरात कशाला सायेब?" तुम्ही म्हणालात, "परमोशन झालंय की." मी भाकरी मोडत राहिलो.

चार्टवर सगळं उत्तम होतं. ओल साठ टक्के, हवी तेवढी. धागा तुटत नव्हता. खात्यातली उष्णता किती हे लिहायला तक्त्यात रकानाच नव्हता, कारण तो तक्ता मी बनवला होता. मी एकदा रिळिंगमध्ये गेलो. बायकांचे पदर घामानं पाठीला चिकटलेले, डोळे लाल. नरसव्वा म्हणाली, "सायेब, हितं हवा मेली की." मी म्हटलं, बघतो.

मग माझ्या लक्षात आलं की टाकीतलं पाणी दुपारनंतर हिशेबापेक्षा जास्त उतरतंय. कोडं सोडवायला मला दोन दिवसही लागले नाहीत. दुपारी साहेब जेवायला गेले की तुम्ही बाहेरची झडप उघडत होतात आणि पाळी सुटायच्या आत परत दोन दातींवर आणत होतात. शिकवलं तुम्हीच होतं मला, पाण्यावरून हवा ओळखायला.

मी तुम्हाला काही बोललो नाही. झडपेच्या दांड्याला साखळी घातली आणि कुलूप लावलं. पुण्याला वीजबचतीवर इंजिनीअर लोकांची बैठक होती, तिथं मला नोट वाचायची होती. आकडे बिघडायला नको होते. तुम्ही फवाऱ्यांच्या दारात उभे राहून बघत होतात.

"किल्ली कुनाकडं ऱ्हानार?"

"माझ्याकडं."

"दुपारच्याला तुमी हितं नसला तर?"

"दोन दिवसांचा प्रश्न आहे अण्णा."

दुसऱ्या दिवशीचं मला तुमच्याकडूनच कळलं. जेवणाच्या सुटीनंतर नरसव्वानं तुम्हाला निरोप धाडला की दोघी जणी ओकल्या, तिलाही गरगरतंय. किल्ली माझ्याबरोबर पुण्यात, म्हणून कुलूप तोडायची परवानगी मागायला तुम्ही ऑफिसात गेलात. साहेब बंगल्यावर गेले होते. कारकून म्हणाला, "अर्ज लिहून ठेवा, आल्यावर दाखवतो." तुम्ही अर्ज लिहिलात. मराठीत, पाच ओळींचा. तिथं बाकावर बसून राहिलात. अर्ध्या तासानं उठून परत आलात आणि हातोडा घेतलात. पण कुलपावर घाव घालायच्या आधीच रिळिंगमधून ओरडा ऐकू आला. नरसव्वा साच्यापाशी कोसळली होती, डोकं साच्याच्या लोखंडी पायावर आपटलं होतं. तुम्ही आधी कुलूप फोडलंत, झडप सताड उघडलीत, आणि मग तिच्याकडं धावलात. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दवाखान्यात वारली.

त्याच सकाळी पुण्यात माझ्या नोटला टाळ्या मिळाल्या.

चौकशी मॅनेजरसाहेब आणि लेबर ऑफिसर यांनी केली. टेबलावर फुटलेलं कुलूप ठेवलं होतं. निष्कर्ष असा निघाला की फोरमननं विनापरवाना कुलूप फोडून बाहेरची बेचाळीस डिग्रीची हवा एकदम आत घेतली आणि त्या झळेनं बाईला भोवळ आली. क्रमच उलटा केला. तुमचा अर्ज सापडला नाही. कारकुनाला काही आठवत नव्हतं. मला विचारलं, "कुलूप मिलच्या नियमाप्रमाणं होतं?" मी म्हटलं, "होय." असा कुठलाच नियम नव्हता. तुम्हाला विचारलं, "कुलूप तुम्ही फोडलंत?" तुम्ही म्हणालात, "व्हय."

"आणखी काही सांगायचंय?"

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मी टेबलाकडं बघत होतो. "न्हाय," तुम्ही म्हणालात.

निवृत्तीला सहा महिने उरले असताना तुम्हाला काढलं.

आपलं खरं भांडण त्यानंतर झालं आणि ते अर्धवट राहिलं. मी तुमच्या घरी आलो. गौरव्वांनी चहा ठेवला आणि आत गेल्या. मी तुमच्यावरच चिडलो, आठवतं? ज्याला लाज वाटते तो आधी चिडतो. "तुम्ही गप्प का बसलात? मी खोटं बोलतोय हे सांगता येत नव्हतं तुम्हाला?"

"मी सांगून काय हुनार? माझ्या अंगाला कळतंय ते त्यांना चालत न्हाय. त्यांना कागद लागतो. कागद तुमच्याकडं हाय."

ती खोडलेली ओळ असलेला मसुदा माझ्या पेटीत होता. तुम्हाला ते कसं कळलं, मी विचारलं नाही. लाल रेघेखाली अक्षरं स्वच्छ वाचता येत होती.

"आनि माझं मी म्हनलं तर," तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "माझीबी चूक हाय की. हातोडा माझ्या खोलीत व्हता. मी अर्ज लिवत बसलो. अर्दा तास. तीस वर्षं नोकरी केली ना, परवानगी मागायची सवय लागती."

मी म्हणालो, तुमची काही चूक नाही. तुम्ही म्हणालात, ते तुमी ठरवू नका. मी म्हणालो, पुढच्या आठवड्यात मसुदा घेऊन फॅक्टरी इन्स्पेक्टरकडं जातो. तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात. त्या 'बरं'मध्ये विश्वास नव्हता, टोमणाही नव्हता. पुढचा आठवडा म्हणता म्हणता वर्ष गेलं. लग्नाचं बघत होते घरचे, नोकरी सुटली तर काय, हे मिटू दे, ते होऊ दे. कारणं मिळायला काय, रोज नवीन मिळतात.

तुम्ही नवी पेठेच्या बाजूच्या एका थेटरात कामाला लागलात. तिथला हवेचा पंखा आणि पाण्याच्या जाळ्या सांभाळायच्या, म्हणजे तिकीट काढून बसलेल्या लोकांना तीन तास गारवा मिळावा. मी एकदा आलो होतो, सिनेमा बघायला नाही, तुम्हाला बघायला. मध्यंतरात तुम्ही मागच्या दारापाशी उभे होतात, खोकत होतात. खात्यातली कापसाची धूळ तीस वर्षं छातीत साठलेली. मला बघून तुम्ही विचारलंत, "हवा बरी हाय का सायेब आत?" मी म्हटलं, छान आहे. तुम्ही म्हणालात, "हितं माणसं उठून जात्यात बरी नसली तर. म्हनून मालक झडप उघडी ठिवतो." आणि आत गेलात. आपलं शेवटचं बोलणं तेच. फाल्गुनात छाती भरली, दवाखान्यात चार दिवस, आणि पाचव्या दिवशी मला निरोप आला तो माती दिल्यानंतर.

गेटसभेच्या दुसऱ्या दिवशी मी मसुदा घेऊन इन्स्पेक्टरच्या ऑफिसात गेलो. सोबत माझा जबाब, सात पानं, सहीसह. इन्स्पेक्टरनं लाल रेघेची ओळ दोनदा वाचली. "हे तुम्ही वर्षापूर्वी आणलं असतं तर त्या माणसाची साक्ष घेता आली असती," तो म्हणाला. "आता तो नाही, अर्ज नाही, कारकुनाला आठवत नाही. उरलात तुम्ही. ज्यानं खोटं सांगितलं तोच." तरी त्यानं कागद ठेवून घेतले. एक दिवस येऊन बाहेरची झडप किती उघडी आहे ते बघून गेला. संध्याकाळी ती पाच दातींवर आली, तोंडी हुकमानं. दुसऱ्या दिवशी मला सस्पेंड केलं. मॅनेजरसाहेब तिथंच आहेत. माझी नोट अजून लागू आहे, शेवटच्या कलमाशिवाय.

एवढं झाल्यावर मी नरसव्वाच्या घरी गेलो. तिचा नवरा मागावर बसला होता. मी सगळं सांगितलं. त्यानं माग थांबवला नाही. सांगून झाल्यावर म्हणाला, "बाहेर पडताना कडी लावून घ्या, मांजर येतं."

काल तुमच्या घरी गेलो. मला वाटत होतं, गौरव्वांना सगळं ठाऊक असणार. वर्षभर त्या माझ्याशी बोलल्या नव्हत्या; चहा ठेवायच्या आणि आत जायच्या. मला ते रास्तच वाटत होतं. म्हणून मी माफी मागायच्या तयारीनं बसलो, आणि ओळ खोडल्यापासून कुलपापर्यंत सगळं सांगितलं. किल्ली माझ्या खिशात होती, हेही. नरसव्वा आधी पडली आणि कुलूप नंतर फुटलं, हेही.

गौरव्वा ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजे त्यांनी झळ आत घेतली न्हवती?"

"नाही काकू. ते तर…"

"थांब." त्यांनी हात वर केला. "मला त्यांनी काई सांगितलंच न्हाय. मी विचारलं, तुमी कुलूप फोडलं का? तर व्हय म्हनले. बाई गेली का? व्हय म्हनले. मी मिलच्या लोकांचं खरं धरलं. तिची ल्हान पोरं हायत रं. मला वाटलं, ह्यांच्या हातनं झालं. वर्षभर मी त्यांच्याशी धड बोलली न्हाय. ताट वाडायची आनि आत जायची. तू आलास तरीबी त्येच. तुला वाटलं आसंल तुझ्यावर राग हाय. तुझ्यावर कशाला आसंल? लाज वाटायची मला, तुझ्यासमोर त्यांच्याशेजारी बसायची."

मी विचारलं, अण्णांनी तुम्हाला का सांगितलं नसेल?

त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "तू जेवायला येत व्हतास न्हवं आपल्यात. मला कळलं आसतं तर मी तुला दारात उबं केलं नसतं. त्यांना ठावं व्हतं."

अण्णा, दवाखान्यातले ते चार दिवसही त्या तुमच्या उशाशी बसल्या नव्हत्या. डबा ठेवून व्हरांड्यात बसायच्या. हे त्यांनी मी उठताना सांगितलं.